भरल्या शाईचं बंद मशीन

किसन नगर, वागळे इस्टेट, ठाणे
शनिवार, दुपार

तीर्थरूप काळुराममामांना ठाण्याहून भाचा राकेश याचा वाकून जय भीम. शालूमामीलाही जय भीम. तुमची कंबर कशी आहे? मामीच्या गुडघ्याला तेल चोळता, की अजून नुसतं चोळतो म्हणता? दुकानासमोरचा स्टँडचा खड्डा बुजला का? मी इकडे मजेत आहे. (खाणावळीची भाजी पातळ असते, तेवढं सोडून मजेत.) कालपासून तुम्हाला तेरा फोन केले, एक उचलला नाही. भांडलो तेव्हा तुम्ही म्हणालेलात की परत तुझं तोंड बघणार नाही. फोनमध्ये तोंड दिसत नाही मामा, पण तुमच्यापुढे कोण बोलणार. म्हणून हे पत्र. पोस्टाने टाकत नाही, कारण घाई आहे. माजिवड्यावरून संध्याकाळी आपल्या मंठ्याची ट्रॅव्हल्स सुटते, तिचा ड्रायव्हर ओळखीचा झालाय, तो उद्या सकाळी तुमच्या शटरखालून आत सरकवेल. कागदावर जागोजागी काळे डाग दिसतील, तिकडे लक्ष देऊ नका. पेन गळतंय.

दुकान सोडताना मी काय बोललो ते तुम्हाला पाठ असेल. मी म्हणालेलो की झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर बसून, इंजेक्शनने दुसऱ्यांच्या प्रिंटरात शाई भरत, काळ्या हातांनी म्हातारा होणार नाही, पांढरा शर्ट घालून ऑफिसात काम करीन. तर कळवायला आनंद होतो की पांढरा शर्ट मिळालाय. (दोन मिळालेत. खिशावर कंपनीचं नाव आहे.) कंपनी सोसायट्यांच्या लिफ्ट सांभाळते. मी चहा देतो, फायली देतो, फरशी पुसतो, आणि एक तारखेला मला पर्मनंट करणार असं मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलंय. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. मालक म्हणजे रवींद्र साहेब, वय साठ, रागावले तरी पुस्तकातल्यासारखं रागावतात. हिशेबाला मंदाकिनी मॅडम. लिफ्टला सखाराम मिस्त्री, ज्याने मला ही नोकरी लावली आणि जो रोज आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मला देतो. आणि ऋतुराज. हा साहेबांचा भाचा, पुण्याला मॅनेजमेंट शिकून आलेला. म्हणजे त्यांचंही मामा-भाच्याचंच आहे, पण तो भाचा एसीत बसतो आणि त्याचा मामा त्याचे फोन उचलतो.

या ऋतुराजने ऑफिसात नवीन प्रिंटर आणला. मामा, तुमच्या दुकानातलं मशीन खोकत का होईना पण तुमचं होतं. हे मशीन म्हणजे आपल्या टेबलावर बसवलेला दुसऱ्याचा खबरी आहे. त्याची शाई आपण विकत घ्यायचीच नाही. कंपनी कुरिअरने डबेच्या डबे पाठवते, अगदी फुकट. पैसे शाईचे नाहीत, पानांचे. महिन्याला तीनशे पानं ठरलेली. किती पानं निघाली ते मशीन स्वतःच वायफायवरून मागच्या मागे कंपनीला कळवतं, आणि तीनशेच्या वर गेलात की जादा पानांचे पैसे ऑफिसच्या बँकेच्या कार्डातून परस्पर कापले जातात, विचारणं नाही की सांगणं नाही. पानावर एक टिंब उमटवा नाहीतर अख्खं पान डांबरासारखं काळं करा, मशीनला दोन्ही सारखंच, पान एक. ऋतुराज साहेबांना म्हणाला, मामा, जेवढं वापरू तेवढंच भरायचं, सिंपल. साहेबांनी मान हलवली. शिकलेल्या माणसाला सिंपल म्हटलं की तो पुढचं वाचत नाही, हे मी इथे शिकलो.

मग बचत सुरू झाली. मंदाकिनी मॅडमनी प्रिंटरशेजारी वही बांधून ठेवली. पान काढायचं तर नाव लिहा, कारण लिहा, सही करा. एकेका पानासाठी माणसं अशी तोंड पाडून उभी राहायची जशी रेशनच्या रॉकेलला राहत होती. साहेब तर कच्चं काम जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहायला लागले. असं करत तीस तारीख आली आणि वहीत पानं भरली एकशे दहा. तेव्हा ऋतुराज सहज म्हणाला की उरलेली एकशे नव्वद पुढच्या महिन्यात चालत नाहीत, जातात. झालं! फुकट जाणार म्हटल्यावर ऑफिसात जी धावपळ उडाली ती मामा, तुम्ही आपल्या स्टँडवर शेवटच्या गाडीलाही बघितली नसेल. जो तो छापायला काहीतरी शोधायला लागला. मॅडमनी लोणच्यांच्या कृती काढल्या, चाळीस पानं. (त्या लोणचं विकतचं आणतात.) ऋतुराजने कुठल्या कुठल्या डोंगरांचे नकाशे काढले. साहेबांनी आपल्या घराण्याची वंशावळ काढली, आणि आजोबांचं नाव चुकलं म्हणून पुन्हा काढली. सखाराम मिस्त्रीने एकच पान मागितलं, पोरीचं परीक्षेचं हॉलतिकीट. अख्ख्या ऑफिसात कामाचं पान तेवढं एक.

मी तेव्हा विचारलेलं, मामा. खरं सांगतो, विचारलेलं. मी मॅडमना म्हणालो, महिना नक्की कधी संपतो? कारण मी खाणावळीत बारा तारखेला लागलो, तर माझा महिना अकराला संपतो, तीसला नाही. हे मशीन आलं आदल्या महिन्याच्या वीस तारखेला. मॅडम म्हणाल्या, राकेश, महिना महिनाअखेरीसच संपतो, एवढं तरी शाळेत शिकला असशील ना? सगळे हसले. मीही हसलो. (मालक हसले की हसायचं असतं, तो पगारात धरलेला भाग आहे.) आणि मशीनचा महिना संपलेला एकोणीसला. म्हणजे आम्ही धावपळ करून जी एकशे नव्वद पानं संपवली ती मागची नव्हतीच, ती पुढच्या महिन्यातली होती. लोणच्यांनी आणि डोंगरांनी नवीन महिना अकरा दिवसांतच जवळजवळ खाऊन टाकला. मग सोसायट्यांच्या करारांचं खरं काम आलं तेव्हा पहिली थोडी सोडली तर प्रत्येक पान जादाचं. बिल आलं ते साहेबांनी उभं राहून वाचलं, मग बसून वाचलं. ऋतुराजला म्हणाले, तुझ्या या व्यवस्थेत वापर आमचा आणि मोजमाप चोराचं, असा प्रकार दिसतो. आणि तिथल्या तिथे बँकेला फोन करून ते कार्डच बंद करून टाकलं. वर आम्हाला समजावून सांगितलं, शाई आपल्या मशीनच्या पोटात आहे, ती काढायला आता कोणी येत नाही. निर्धास्तपणे छापा. चार दिवस छापलंही. मशीन गप्प होतं. आत काय शिजतंय ते कोणाला दिसत नव्हतं.

काल शुक्रवार. बाळकुमला एक मोठं संकुल झालंय, अकरा लिफ्टचं. त्यांच्या कमिटीला आमचं कोटेशन कागदावर हवं होतं, तीन प्रती, बंद पाकिटात, पाचच्या आत. (एवढ्या उंच बिल्डिंगी बांधतात आणि विश्वास अजून कागदावरच.) ऋतुराज मित्राच्या लग्नाला लोणावळ्याला. साडेतीनला प्रिंट दिली. मशीनने कागद अर्धा ओढला, तांबडा दिवा लावला आणि बसलं. त्याच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत भला मोठा मजकूर. मॅडमनी चष्मा पुसून वाचला आणि म्हणाल्या, शाईचं काहीतरी म्हणतोय. तो असं म्हणत होता मामा, की डब्यात शाई आहे, पण तुमचं खातं बंद आहे, म्हणून मी ती वापरणार नाही. हे नंतर कळलं. म्हणजे तुम्ही टपरीवर बसलाय, गरम चहाचा ग्लास हातात आहे, आणि सातासमुद्रापलीकडून कोणीतरी सांगतो, ओठ लावायचे नाहीत. असला अपमान मी मशीनच काय, माणसाकडूनसुद्धा ऐकला नव्हता.

पण हे नंतर. त्या वेळी सगळे साहेबांच्या केबिनमध्ये जमून ऋतुराजला फोन लावत होते, आणि कोणीतरी मशीनजवळ एकटा राहिला. कोणीतरी म्हणजे कोण ते अजून बाहेर आलेलं नाही, आणि मी चुगली करणार नाही, मी काय प्रिंटर आहे? तर या कोणीतरीला लहानपणापासून एकच शिकवलेलं, की मशीन थांबलं म्हणजे शाई संपली आणि शाई संपली म्हणजे इंजेक्शन. वाचायचं वगैरे काही नाही. त्याच्या बॅगेत इंजेक्शन होतं, अर्धी बाटली काळी शाईही होती. (माणसाकडे काय काय असतं, आपण कसं सांगणार.) त्याने डब्यावरचं स्टिकर नखाने अलगद सोडवलं, सुई तिरकी धरली, बुडबुडा जाऊ नये म्हणून जीभ दाताखाली धरली आणि हलक्या हाताने पूर्ण दहा मिली आत सोडली. काम एक नंबर झालेलं, तुम्हीसुद्धा पाठ थोपटली असती. पण मामा, तो डबा भरलेलाच होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. कोणीतरी तिथून सटकला. केबिनमधून साहेब बाहेर आले, कमिटीसमोर जायचं म्हणून नवा पांढरा शर्ट घालून आलेले. त्यांनी मशीनच्या डोक्यावर एक थापट मारली. साठ वर्षांची सुसंस्कृत थापट. मशीनने आतलं सगळं बाहेर टाकलं. कोपरापर्यंत साहेब काळे, टेबल काळं, बाळकुमची पाकिटं काळी, लोणच्यांच्या कृती काळ्या. मी तेवढ्यात पिवळे रबरी हातमोजे घालून पुसायला हजर. मंदाकिनी मॅडम म्हणाल्या, किती कामसू मुलगा आहे. मग साहेबांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातमोज्यात दिला आणि म्हणाले, पळ. समोरच्या गल्लीत, मामा, एक झेरॉक्सवाला आहे, तुमच्याच वयाचा, तुमच्यासारखाच वर न बघता बोलणारा. त्याने तीनही प्रती सहा मिनिटांत काढून दिल्या, स्टेपल मारून. कुठलं खातं विचारलं नाही, कुठला महिना विचारला नाही. किती झाले म्हटलं तर म्हणाला, छत्तीस. पाचला दहा कमी असताना साहेब बाळकुमला पोचले, उसन्या शर्टात.

बाळकुमला निघताना गाडीत बसून ते म्हणाले, ज्याने हा पराक्रम केला त्याच्या हातावर शाई असणारच. सोमवारी सकाळी चहाच्या आधी सगळ्यांनी हात पुढे करायचे, ज्याचे काळे त्याला घरी पाठवीन. हे बोलताना ते सखाराम मिस्त्रीकडे बघत होते. बाकी सर्व ठीक आहे. मोठ्या शहरातली मोठी माणसं कशी असतात ते तुम्हाला कळावं, म्हणून एवढं लांबलं. मामीला सांभाळा, कंबर सांभाळा.

तुमचा आज्ञेबाहेरचा भाचा,
राकेश

ता. क. – सोबत शालूमामीसाठी माझा फोटो आहे, प्रिंटरवर काढलेला. अख्खं पान गडद काढलं, कारण पान एकच. खुर्ची साहेबांची आहे, हे शेजारी सांगू नका.

ता. क. दुसरा – तुम्ही ओळखलंच असेल. काउंटरच्या खालच्या खणातलं इंजेक्शन आणि अर्धी बाटली मामीने फेकली नाही, मी आणली. तिच्याशी भांडला असाल तर माफी मागा. साबण लावून झाला, रॉकेल, लिंबू, खाणावळीतली राख, सगळं झालं, हात तसेच. तुम्ही दिवाळीत फोटोला बसताना काहीतरी लावून हात स्वच्छ करायचात. ते काय होतं तेवढं उद्या रविवारी फोनवर सांगा. एक तारखेचं तुम्हाला सांगितलंय. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याला विचारलेलं, त्याने स्वतःचे हात बघितले आणि म्हणाला, कशाला घालवायचं?

ता. क. तिसरा – पत्र चिकटवलेलं, पुन्हा फोडलं. आत्ता खाणावळीत सखाराम मिस्त्री भेटला. लिफ्टचं ग्रीस लावून लावून त्याचे हात पंचवीस वर्षं काळे आहेत, ते कशानेच जात नाहीत. तो हसत म्हणाला, राक्या, सोमवारी माझी विकेट जाणार बघ. आणि मला अर्धी भाकरी दिली. मी ती या हातांनी घेतली, त्याने बघितले माझे हात, आणि उरलेली अर्धी खायला लागला. मामा, माझे स्वच्छ झाले तर ऑफिसात काळे फक्त त्याचे उरतात. तेव्हा ते काय लावायचात ते सांगू नका. सांगितलंत तरी मी लावणार नाही. फोन मात्र उचला, आणि एवढंच सांगा, दुकानातलं माझं स्टूल रिकामं आहे का? की त्याच्यावर कागदांचे रिम ठेवलेत?

आणि पेन गळत नाही.