अकीकातला चेहरा

३ नोव्हेंबर

बाबांनी आज चेहऱ्याला हात घातला. गुलाबी अकीक, लिंबाएवढा. गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मास्तर. बायको गेली, तिची मूर्ती हवी. दगड त्यांनीच शोधून आणलाय — तिच्या रंगाचा हा एवढाच मिळाला.

फोटोवरून मेणाचा नमुना मी केला. बाबांनी तो अंगठ्याने चाचपला, 'हं' म्हणाले. त्यांच्याकडून हे पुष्कळ झालं.

६ नोव्हेंबर

बाबा दगड पुसत नाहीत.

ओला दगड लबाड असतो, पाण्याखाली ओरखडे लपवतो — हे त्यांचंच वाक्य. कोरडा करायचा, उजेडात धरायचा, मगच पुन्हा घासायच्या चाकाला लावायचा. आता नुसतं नख फिरवतात. डाव्या हातात माझा नमुना, उजव्यात दगड.

७ नोव्हेंबर

भिंतीवरचा मास्तरांच्या बायकोचा फोटो मुद्दाम उलटा टांगला. बाबांनी काम करता करता त्याच्याकडे मान वर करून पाहिलं, आणि पुन्हा चाक सुरू केलं.

संध्याकाळी मीच सरळ केला.

८ नोव्हेंबर

आई चहा घेऊन आली. मूर्ती बघून म्हणाली, "बाईची दाढ दुखतेय वाटतं." बाबा हसले. मला हसू आलं नाही. गाल खरंच सुजल्यासारखे दिसतात, नाक जाड.

जिन्यात आईला गाठून फोटोचं सांगितलं. बाबांना दिसेनासं झालंय हे तिला ठाऊक आहे! कधीपासून, ते सांगेना. म्हणाली, "काम काढून घेतलंस तर तो माणूस उरेल का?"

आणि दगड? घासला गेलेला परत येत नाही. मास्तर रविवारी येणार.

९ नोव्हेंबर

धीर करून म्हटलं, चेहरा मी पुढे नेते. बाबांनी चाकही थांबवलं नाही. "माझे हात अजून शाबूत आहेत."

वर निघून आले. भेकड!

१० नोव्हेंबर

सकाळी मूर्ती माझ्या टेबलावर ठेवून गेले. "माझं झालं," एवढंच.

कॅलिपर काढला. नाक — नमुन्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड. गाल, अर्धा. हनुवटी, कपाळ, पापण्यासुद्धा. पुन्हा मोजलं. सगळीकडे अर्धाच.

चूक इतकी सारखी पडत नाही; हे मुद्दाम सोडलंय.

खाली गेले. चाकापुढचं स्टूल माझ्या उंचीला आणून ठेवलेलं होतं.