आईला न पटलेला सिनेमा

प्रिय ठोंब्या,

परवा तुझा मेसेज आला, "ताई, हल्ली घरी काय बघता? काहीतरी बरं सुचव, रविवार अंगावर येतो." मी लगेच उत्तर टाइप करायला घेतलं, पण पहिल्याच मालिकेवरचं माझं बोलणं संपेना आणि अंगठा दुखायला लागला. शेवटी शिवणाच्या टेबलावरचे कपडे बाजूला सारले आणि कागद ओढला. आई समोर सोफ्यावर डुलकी काढतेय. टीव्हीचा आवाज बंद आहे, चित्रं चालू आहेत. आमच्याकडे याला शांतता म्हणतात.

आधी ती खुनाची मालिका, जिची तू एवढी तारीफ करत होतास. बर्फातलं गाव, दर भागाला एक प्रेत आणि तो कायम उदास इन्स्पेक्टर. चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण माझं लक्ष त्याच्या कोटावरून हटेना. घराबाहेर उभा असतो तेव्हा कोटाची बाही खांद्यापाशी उसवलेली, दार उघडून आत येतो तोवर शिवलेली, परत बाहेर गेला की उसवलेली. इतकी वर्षं नाटकाच्या कपडेपटात काढल्यावर ही खोड जायची नाही. खुनी कोण ते मला शेवटच्या भागापर्यंत कळलं नाही, पण दोन कोट आहेत आणि त्यातल्या एकालाच कोणीतरी टाका घातलाय, हे लगेच कळलं. आईचं मत याहून थोडक्यात होतं. तिने कोटाकडे बोट केलं, बराच वेळ ओठ हलवले आणि म्हणाली, "धू."

ही मालिका आम्ही तिघांनी बघितली. तिसरे म्हणजे शेजारचे पोस्टमास्तर. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी पाठीला लावायची उशी बगलेत मारून येतात आणि खुर्चीत बसल्या बसल्या खुनी कोण ते जाहीर करतात. दरवेळी चुकतात, त्यामुळे काही बिघडत नाही. पण या वेळी त्यांनी मालिका आधीच मुलीकडे बघितली होती, आणि डॉक्टरबाई पडद्यावर आल्या रे आल्या की हे म्हणाले, "हिच्यावर नजर ठेवा." आईने मान वळवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गप!" मी सुई हातात धरून तशीच बसले. इतका स्वच्छ शब्द कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. पोस्टमास्तरांना तर इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटेल त्याला सांगत होते, "मला गप म्हणाल्या! स्पष्ट! मला!" एवढा अभिमान त्यांना नोकरीतल्या बढतीचाही वाटला नसेल.

हा सगळा टीव्हीचा कारभार बोलायला शिकवणाऱ्या बाईंमुळे सुरू झाला. तू त्यांना भेटला नाहीस. लहानखुऱ्या आहेत, आवाज मात्र भारदस्त. झटक्यानंतर आईचा उजवा हात लुळा पडला तो निदान दिसतो, पण तोंडाशी आलेला शब्द ऐनवेळी निसटून जातो ते कोणाला दिसत नाही, म्हणून लोक तिच्याशी मोठ्याने बोलतात, जणू तिला ऐकू येत नाही. बाईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, टीव्ही लावून मोकळ्या होऊ नका. मध्ये थांबवा आणि विचारा, कोण आलं, काय केलं. मुख्य म्हणजे पटलं का ते विचारा. माणूस माहिती सांगायला कंटाळतो, मत द्यायला कंटाळत नाही. आता आपल्या आईला मत द्यायची किती हौस ते मी त्यांना काय सांगणार! आपल्या लहानपणी शेजारपाजारचे लोक नवीन पडदे लावले तरी आधी तिला दाखवायला बोलवायचे, आणि पस्तावायचे.

तर मतं अशी. ती लांबलचक कौटुंबिक मालिका आम्ही सोडली. तीत सूनबाई झोपतानाही दागिने घालून झोपते आणि सकाळी केसाची बटसुद्धा हललेली नसते. आईचं मत, "खोटं." प्रत्येक भागाला एकच शब्द, शेवटी तिलाच त्याचा कंटाळा आला. स्वयंपाकाची स्पर्धा मात्र आम्ही न चुकता बघतो. तिथे कोणी कांदा चिरायला घेतला की आईचा डावा हात मांडीवर चालायला लागतो, आणि कोणी जाड चिरला की ती माझ्याकडे बघते. तो कटाक्ष मला ओळखीचा आहे, कांदा मीच तसा चिरते. भुताचा एक सिनेमा लावला, तर भूत आलं की आई हसत होती आणि पोस्टमास्तर उशी तोंडावर धरत होते. आणि तो सिनेमा, ज्यात एक माणूस समुद्राकडे बघत बसतो, बसतो, आणि सिनेमा संपतो? आई झोपली, पोस्टमास्तर अर्ध्यातून उठून गेले. मला आवडला. का ते विचारू नकोस. कोणालाही काहीही द्यायचं नाही, कोणी हाक मारत नाही, नुसतं बसायचं. मला त्या माणसाचा हेवा वाटला म्हण.

सगळ्यांत गंमत आली ती एका जुन्या मुक्या विनोदी सिनेमाला. एक माणूस शिडी घेऊन रस्त्याने जातो आणि वळताना दरवेळी कोणाला तरी पाडतो, एवढीच गोष्ट. आई इतकी हसली की मला तिला पाणी द्यावं लागलं. नंतर माझ्या लक्षात आलं, त्यात कोणीच बोलत नव्हतं. तिला काही शोधायचं नव्हतं, कोणाच्या मागे धावायचं नव्हतं. तासभर ती आणि ती सगळी माणसं बरोबरीत होती. तुला काही सुचवायचंच असेल तर हा सुचवते. एकटा बघू नकोस पण.

तुला एक सांगायचं कधीपासून मनात आहे. मागच्या वेळी तू आलास, तिच्यापुढे बसलास आणि तिने तुला "कपाट" म्हणून हाक मारली. तू हसलास. मग न्हाणीघरात गेलास आणि बराच वेळ नळ सोडून ठेवलास. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी होते, पण दार वाजवलं नाही. त्यानंतर तुझे फोन येतात ते मलाच, आणि "आई कशी आहे" हे तू मलाच विचारतोस. राग नाही रे. पण ऐकून ठेव, मी गेले कित्येक महिने "चमचा" आहे. पोस्टमास्तर "बुधवार" आहेत. बाईंनी मला समजावलं तेच तुला सांगते, तिचा शब्द चुकतो, माणूस चुकत नाही. तुझा आवाज स्पीकरवर आला की ती हातातला कप खाली ठेवते आणि सरळ होऊन बसते. बाकी कोणाच्या फोनला ती कप ठेवत नाही.

आता गेल्या आठवड्यातला सिनेमा. पोस्टमास्तरांच्या मुलीने सुचवला होता, रुमाल घेऊन बसा म्हणाली होती. लहानसं गाव, घड्याळं दुरुस्त करणारा बाप, कमरेपासून अधू, आणि त्याची एकुलती एक मुलगी. मुलीचा आवाज असा की गल्लीतली माणसं कामं थांबवून ऐकतात. लांबच्या शहरातल्या एका नावाजलेल्या गायकवृंदात तिची निवड होते. ती जाणार की नाही यावर सगळा सिनेमा. शेवटी स्टेशनवर गाडी उभी, हिचा एक पाय पायरीवर, आणि ही उतरते. धावत घरी येते, झोपलेल्या बापाचं पांघरूण सारखं करते, मागे व्हायोलिनं वाजायला लागतात. पोस्टमास्तरांनी चष्मा काढला. माझाही रुमाल ओला झाला होता. एवढ्यात आईने माझ्या मांडीवरचा रिमोट डाव्या हाताने हिसकावून घेतला. आधी भलतंच बटण दाबलं, व्हायोलिनं घर डोक्यावर घ्यायला लागली, मग एकदाचं चित्र थांबलं. मुलीचा चेहरा, डोळ्यांत पाणी, तोंड अर्धवट उघडं. आई म्हणाली, "मूर्ख."

आम्हाला वाटलं, रिमोटला म्हणतेय. पण ती शोधत होती. शोधताना तिचा चेहरा लाल होतो आणि गळ्याची शीर दिसायला लागते. पोस्टमास्तर मदतीला धावणार होते, मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "बाप," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "बसलाय. जेवतो. वाचतो. मग?" तिने पडद्यावरच्या मुलीकडे रिमोट रोखला. "हिचं... काय काम?" आजारी पडल्यापासून ती सलग इतकं कधी बोलली नव्हती. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. पण तिचं संपलं नव्हतं. "गाडी गेली ना," ती म्हणाली, आणि मग पडद्याकडे न बघता माझ्याकडे वळली. "तुझी?"

तुला ठाऊक नाही, कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या नाटक कंपनीच्या व्यवस्थापकांचा फोन आला होता. जुनं मोठं नाटक पुन्हा उभं करताहेत, दौरा पाच-सहा महिन्यांचा, आणि कपडेपट मी सांभाळावा असं त्यांना वाटतं. ज्या कपड्यांची मापं मी घेतली, ज्यांना अस्तर मी लावलं, ते कोणी नवख्या हाताने उलगडावेत हे मलाही सोसणारं नव्हतं. तरी मी नाही म्हणाले. गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन, हळू आवाजात. दिवसभर दुसऱ्यांच्या पॅन्ट आखूड करते, चेन बदलते, कोणाची कंबर सुटली तर शिवण उसवून सैल करून देते, वाईट चाललेलं नाही असं स्वतःला सांगत होते. आईचे शब्द गेलेत, कान जागेवर आहेत, हे मी कसं विसरले?

मला राग आला, खोटं कशाला सांगू. इतकं करायचं आणि हिने आपल्याला घराबाहेर काढायचं! मी तिला कारणं मोजून दाखवली. औषधं कोण देणार? तिने गोळ्यांच्या डब्याकडे आणि स्वतःकडे बोट केलं. अंघोळ? ती घालायला सकाळी कामाच्या मावशी येतातच. पोस्टमास्तरांनी मध्येच सांगून टाकलं की संध्याकाळी ते काही यायचे थांबणार नाहीत. रात्री तुझ्याजवळ कोण, मी म्हणाले. यावर तिने बोट खाली घेतलं. मला वाटलं, जिंकले. तिने माझा फोन मागितला, मांडीवर ठेवला आणि डाव्या बोटाने एकेक चेहरा सरकवत राहिली. तुझा फोटो आला तिथे थांबली आणि फोन माझ्यापुढे धरला. त्यानंतर मी एक अख्खा दिवस तिच्याशी धड बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकांना फोन केला. जागा अजून रिकामी होती. मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उगीचच भांडी आवरत बसले, आणि आपण गुणगुणतोय हे मला आईने मान डोलावली तेव्हा कळलं.

म्हणून हे पत्र, ठोंब्या. सिनेमे सुचवायला एवढी शाई कोणी खर्च करत नाही. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला मी निघणार, त्याआधी आठवडाभर तू ये, म्हणजे तुला सगळं दाखवता येईल. नकाशे तू तिथे काढतोस तसे इथेही काढशील, माझं शिवणाचं टेबल तुझ्या कॉम्प्युटरला पुरेसं आहे. तुला भीती वाटतेय हे मला माहीत आहे, मलाही वाटायची. काही विशेष करायचं नसतं. तिच्या डाव्या बाजूला बसायचं, तिला शब्द शोधू द्यायचा, आणि ती शोधत असताना तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही. पण येण्याआधी एक कर. येत्या रविवारी दुपारी घरच्या फोनवर फोन कर, मी मुद्दाम बाहेर जाणार आहे. आई उचलेल आणि "हॅलो, बोला, कोण पाहिजे?" असं म्हणेल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर म्हटलेलं ते वाक्य तसंच्या तसं शिल्लक आहे, इतकं सफाईदार की तुला वाटेल, हिला काही झालेलंच नाही. त्याच्यापुढे मात्र ती अडेल. तेव्हा घाबरून "ताई आहे का?" असं विचारू नकोस. तू पाहिजेस, असं सांग तिला.

तुझीच,
बॅग भरायला घेतलेली
ताई