परत यायचं कारण

१४ नोव्हेंबर २००२
मुक्ताचा फोन. सातवा संपत आला. पावलं सुजतात म्हणते. जावई दिवसभर ऑफिसात. तिथे माणसं कमी करताहेत, रजेचं नाव काढायची सोय नाही. निखिलची नोकरी गेली तर दोघांनाही अमेरिका सोडावी लागेल. ही एवढी आर्किटेक्ट, पण तिच्या व्हिसावर काम करायला बंदी. खिडकीतल्या झाडाची चित्रं काढत बसते.
पहिलं बाळंतपण माहेरी. पण ती इथे आली, तर परत जायचा शिक्का मिळेलच असं नाही. म्हणून माहेरानेच तिकडे जायचं. मुंबईच्या वकिलातीची तारीख मिळाली, २१.

२१ नोव्हें.
नाही म्हणाले.
काचेपलीकडचा अधिकारी मु.च्याच वयाचा. नम्र. "भारतात तुमचं कोण आहे?" लहानपणी कॉन्व्हेंटात सिस्टर शिकवायच्या, विचारलं तेवढंच सांगावं, खरं, पूर्ण वाक्यात. मी सांगितलं, "माझे पती वारले. मला एकच मुलगी, आणि ती तुमच्या देशात आहे."
इंग्रजी छान आहे म्हणाला. पासपोर्ट परत केला. सोबत छापील कागद: तुम्ही परत याल अशी खात्री पटत नाही.
लोणावळा आलं तरी कळेना, चुकलं काय.

२२ नोव्हें.
मु.ला सांगितलं. रडली नाही. तेच जास्त लागलं.
धायरीहून वन्सं आल्या. "अहो वहिनी, मी काय मेले होते? नणंद आहे म्हणायला तोंड दुखत होतं?"
माझं कोण, म्हटल्यावर फक्त मु. आठवली. हे वन्संना कसं सांगू?

२ डिसें.
पुन्हा अर्ज. तारीख १२. वन्संनी फाइल लावली. फ्लॅटचे कागद, मी नोकरी करते त्या शाळेचं पत्र, आणि स्वतःच्या गुडघ्यांचे एक्स-रे.
"हे कशाला?"
"मला अशी टाकून तुम्ही तिकडे राहाल का? बघू दे की त्याला."

७ डिसें.
जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली. मु.च्या वेळी आईने शिवली होती, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. कॉन्व्हेंटचा तोरा. आईने धुऊन, घडी करून ठेवली...
पार्सलने पाठवावीत का? पण पाठवली तर मु. समजेल, आई येत नाही. कपाटातच ठेवली.

११ डिसें.
वन्संनी उत्तरं घोटून घेतली. घर, शाळा, नणंद. "जरा ठणकावून बोला. लेकीचं नाव आलं की आवाज हलतो तुमचा."
संध्याकाळी मु.चा फोन. डॉक्टर म्हणाले, लवकरही होईल.
"आई, उद्या काय सांगणार तू?"
"हेच, की चार महिन्यांनी मला पुण्याला परत यायचंच आहे."
ती म्हणाली, "त्यापेक्षा सरळ सांग ना, मी तुझी काही एवढी लाडकी नाहीये."
हसलो दोघी. मग तिकडून आवाजच येईना.
"मुक्ता?"
"आहे गं."
पहाटेची बस. फाइल पिशवीत घातली आहे.