नाकातले दोन थेंब

लाडक्या छकुले,

चिनी मुळीचा अर्क डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत भरून नाकावाटे मेंदूपर्यंत पोचवायचं तुझं औषध अजून उंदरांवरच अडलंय, हे मी आईला सांगितलं नाही. खोटं बोलू नये, असं शाळेत नन्सनी शिकवलं होतं. तरी रोज सकाळी ‘छकुलीचं औषध’ म्हणून मी तिच्या नाकात मिठाच्या पाण्याचे दोन थेंब घालते.

“माझी लेक उंदरांची डॉक्टरीण!” म्हणून ती पूर्वी तुझ्या कामावर हसायची.

काल थेंब घेतल्यावर तिने हळूच विचारलं, “बाई, ही छकुली कोण हो?”

“औषध करते ती.”

“गुणाची आहे पोर.”

हे पत्र मी टाकणार नाही. तू हातातलं काम सोडून धावत येशील, आणि ती तुला बसायला खुर्ची देईल.

तुझीच,
ताई