बहीण काही देत नसल्याचा दाखला

३ ऑगस्ट

ती. ताईस,
छबूचा सा. न. वि. वि.

नेहमीचा वार सोडून मधेच पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. माझं नाव यादीतून उडालं. हे गेल्यापासून चार वर्षं मिळत होता तो विधवांचा भत्ता या महिन्यापासून बंद.

चूक माझीच. मे महिन्यात तपासणीला एक बाई आल्या होत्या. आलेल्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही, ही आपल्या आईची शिकवण. मी शेजारणीच्या दोन खुर्च्या आणून मांडल्या, चांगल्या कपात चहा दिला. बाईंनी विचारलं, नातेवाइकांपैकी कोणी बघतं का. मी म्हटलं, बघतं म्हणजे काय, माझी थोरली बहीण मुख्याध्यापिका होती, ती मला काही कमी पडू देत नाही. त्यांनी मान डोलावून लिहून घेतलं. मला वाटलं, तुझं कौतुकच लिहून घेतायत.

आता मी जाते त्या शिलाई कारखान्यातला मुकादम म्हणतो, चिंगीलाही आण, शर्टांचे धागे कापायला बसव. पोरगी नववीत आहे. फार दिवस त्याला टोलवता येणार नाही.

तब्येतीला जप. रागावणार आहेसच, तेव्हा एकदाच काय ते रागाव.

तुझी,
छबू

९ ऑगस्ट

चि. छबूस,
अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा शुद्धलेखनाचा राग आला, दुसऱ्यांदा तुझा.

अर्ज केलास तेव्हाच बजावलं होतं, सरकारपुढे हात पसरू नकोस. आयतं मिळायला लागलं की माणूस बसून राहतो. नापास मुलाला वर ढकललं की ते पुढच्या वर्षी पुस्तकही उघडत नाही, हे मी तीस वर्षं पाहिलं आहे.

असो. या महिन्यापासून तेवढीच रक्कम मी पाठवीन. मला पेन्शन आहे आणि खाणारं तोंड एकच. अटही एकच. चिंगीला माझ्याकडे ठेवायचं, तिचा अभ्यास मी घेईन. आणि ती शिलाई मशीन विकून टाक, पाठीचं वाटोळं झालंय तुझ्या. बाईंना तू जे खोटं सांगितलंस ते मी खरं करते, म्हणजे विषय मिटला.

उत्तर लगेच दे. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी,
ताई

१६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अट एकच म्हणालीस आणि घातल्यास दोन. तिसरी पुढच्या पत्रात येईल.

पेन्शन तर तुलाही महिन्याच्या महिन्याला येतं. म्हणून तू बसून राहिलीस का? उलट गेल्याच महिन्यात नळाच्या पाण्यावरून त्या इंजिनिअरला रडकुंडीला आणून आलीस. उद्याच्या जेवणाची काळजी नसली की माणसाला भांडता येतं. माझंही तेच झालं. भत्त्यात घर चालत नव्हतं, पण तो पाच तारखेला नेमका यायचा. म्हणून मुकादमाने रात्रपाळी सांगितली तेव्हा मी त्याला 'नाही' म्हणू शकले. जुनी का होईना मशीन घेतली. चिंगीची शाळा एक दिवस बुडली नाही. तुझे पैसे घेतले तर तुझं ऐकावं लागेल. भत्ता घेतला तर वर्षातून एकदा जिवंत असल्याचं दाखवलं की पुरतं.

मी कचेरीत जाऊन आले. कारकून म्हणाला, बहीण काही देत नाही असं तिनेच लिहून द्यायचं. वर तिच्या गावातल्या मुख्याध्यापकाची सही आणि शिक्का. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तू पाठवलेलं दर वेळी मी परत केलंय, तेव्हा दाखला खोटा ठरणार नाही. पण तू मला सांभाळतेस असं तिकडे सगळे समजतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आग्रह करत नाही. नुसतं कळवते.

राग असेल तेवढा ठेव, माया मात्र कमी करू नकोस.

तुझी,
छबू

२५ ऑगस्ट

चि. छबूस,
अ. आ.

दाखला सोबत आहे. घडी मोडू नकोस.

तीनदा लिहिला. आधी त्यात 'देण्याची इच्छा असूनही' असं घातलं होतं, ते खोडलं. कारकुनाला माझ्या इच्छेशी काय करायचंय.

आताची मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी. माझ्याच खुर्चीत बसून तिने तो वाचला. बहिणीचा संसार माझ्यावर चालतो, हे मी शिक्षकांच्या खोलीत कितीदा सांगितलं असेल, आणि तिनेही ते ऐकलेलं. तिने वर पाहिलं नाही. सही केली, शिक्का मारला आणि बाई, चहा घेणार का, असं विचारलं. मी नको म्हणून दारापर्यंत गेले, मग मागे फिरून बसले. चहा घेतला आणि जे होतं ते सगळं तिला सांगितलं. तोंड कडू झालं, पण झोप लागली.

पेन्शनचं लिहिलंस ते लागलं. लागलं म्हणजे पटलं असं लगेच समजू नकोस.

मशीन विकू नकोस. बाई पुन्हा आल्या तर खुर्च्या उसन्या आणू नकोस. चटईवर बसल्याने कोणाचे पाय झिजत नाहीत.

तुझी,
ताई

७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाव परत लागलं. भत्ता परवा आला. मुकादमाला सांगितलं, चिंगीला विसर. तो म्हणाला, बाई फार शेफारल्या. चिंगीने याचा अर्थ विचारला. म्हटलं, मावशीला विचार, तिला अनुभव आहे.

सुट्टीत आम्ही दोघी येतोय, माझ्या तिकिटाने. ताई, दर वेळी तुझ्याकडे आले की कोणी न सांगता मी तुझी कपाटं पुसून काढते, डबे घासते. तू कधी सांगितलं नाहीस, नको असंही कधी म्हणाली नाहीस. यंदा पुसणार नाही. दोन दिवस तुझ्याकडे नुसती बसणार आहे.

तुझीच,
छबू