हर्षाच्या फॉर्मसाठी घेतलेला डेस्कटॉप

३ जून २०१०, दवनीवाडा
डेस्कटॉपचे सगळे पार्ट, विंडोज टाकलेली हार्डडिस्क आणि नेटचा डोंगल धरून, आज गोंदियाहून आणले. दुकानदार म्हणत होता, जोडून देतो, परवा घेऊन जा. कायले? मी शाळेतला क्लार्क, एमएससीआयटीत एक्क्याऐंशी टक्के. आमच्या हर्षाचा पॉलिटेक्निकचा फॉर्म यंदा ऑनलाइन आहे, शेवटची तारीख पंधरा. माझी पोरगी सायबर कॅफेत लाइन लावणार नाही. फॉर्म घरच्या कॉम्प्युटरवर भरू, शब्द दिला.

४ जून, दुपार
जोडणी पूर्ण. दोन स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे देत असावी. बटण दाबणार तेवढ्यात करंट गेला.
संध्याकाळी आला. दाबलं. पंखा नाही, लाइट नाही, आवाज नाही. नवीन मशीन आहे, वेळ घेणारच.

५ जून
तेच. घरात नियम केला: मी काम करून राहिलो तर कोणी मध्ये बोलायचं नाही, सल्ला तर नाहीच. बायको, म्हणजे अल्का, काहीतरी सांगायला आली होती. हातानेच थांबवलं.

८ जून
रॅम काढून खोडरबरने घासली. परत बसवली. मशीन ढिम्म. दोष व्होल्टेजचा आहे. पंप सुरू झाले की आमच्या लाइनवर बल्बसुद्धा लाल होतो.

९ जून
स्टॅबिलायझर आणला. स्टॅबिलायझरचा लाइट लागला. म्हणजे अर्धं काम झालं.

१२ जून
गावातला पंप मेकॅनिक बिसराम न बोलावता आला. म्हणे, बाबू, मागून पाहू का? म्हटलं, ही मोटार नाही. चहा पाजून वाटेला लावला. अल्का म्हणाली, पाहू द्याचं होतं जी. तिला काय कळतं.
हर्षाने मात्र फॉर्मचा एकदाही विषय काढला नाही. बापावर विश्वास आहे पोरीचा.

१४ जून
मदरबोर्डच खराब. दुकानदाराला फोनवर झापलं. तो म्हणे, आणून दाखवा. आता नेला तर तो हसेल. उद्या शेवटची तारीख. पोरीचं वर्ष गेलं तर तिला तोंड कसं दाखवू?

१५ जून, दुपारी ३.४०
उपाय संपले. डोकं धरून बसलो होतो. अल्काने भीतभीत विचारलं, मागचं बटण चालू करू का?
कोणतं बटण?
म्हणे, खोक्याच्या मागे, वायरजवळ आहे ते. गेल्या वर्षी करंट झटक्याने आला आणि टीव्ही जळला, तेव्हा मीच नियम केला होता की करंट गेला का प्रत्येक वस्तूचं मागचं बटण बंद करायचं. चार तारखेला हिने इमानदारीने बंद केलं. मग चालू काऊन नाही केलं? तर म्हणे, चालू तुम्हीच करता. मले वाटलं तुम्ही आधी बिनाकरंटचं तपासून राहिले. आणि बोलाची तर बंदी होती.
बटण दाबलं. पंखा फिरला.

४.१५
हर्षाला हाक मारली, ये, फॉर्म भरू. ती खाली मान घालून उभी. फॉर्म तिने सहा तारखेलाच गोंदियाच्या कॅफेत जाऊन भरला. आईला माहीत होतं. मला सांगितलं नाही, कारण बाबांना वाईट वाटेल.
वाईट वाटलंच. जीव भांड्यात पडला तो वेगळा, पण तसं दोघींना दाखवलं नाही.

१६ जून
कॉम्प्युटर उत्तम चालू आहे. काम काही नाही.
फॉर्मचा प्रिंट तपासायला मागितला. नाव, मार्क, पत्ता, सगळं बरोबर. शेवटी एक रकाना होता, घरी संगणक आहे का? पुढे हर्षाने भरलेलं: नाही.
म्हटलं, हे दुरुस्त करून घेऊ. हर्षा म्हणाली, राहू द्या बाबा, त्याले मार्क नाहीत.