बाटलीतल्या चार ओळी

हवामान केंद्र,
४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि मी आज उत्तराला बसले आहे, तेव्हा तुझी बोलणी मी आधीच खाल्ली असं समज. इथे मोबाइलला रेंज नाही, टपालाची गाडी आठवड्यातून एकदा वर येते. दर तीन तासांनी वाऱ्याचा वेग, हवेचा दाब, ढगांची जात नोंदवायची. सोबतीला एक तंत्रज्ञ आहेत, ते बोलतात कमी आणि घोरतात जास्त.

मागच्या सुट्टीत मी गेमचं नवं मशीन घेतलं तेव्हा तू म्हणाली होतीस की पस्तिशी आली तरी हिचं पोरपण काही सुटत नाही. मावशी, ते सुटलं गं. दहा मिनिटं खेळते आणि बंद करते. गेम उघडला की कामांची यादीच समोर येते, हे गोळा कर, तिथे जा, रोज हजेरी लाव. ते तर मी दिवसभर करतेच. लहानपणी रविवारचा एक तास मिळायचा. बाबा टीव्हीवर गजराचं घड्याळ ठेवून खाली दुकानात जायचे आणि तो तास मी पुरवून पुरवून खेळायची. वह्यांच्या मागच्या पानांवर बेटांचे नकाशे असायचे. आता तास हवे तेवढे आहेत आणि हात रिमोटकडे जात नाही. याला दुःख म्हणायची लाज वाटते, पण आहे खरं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आपल्या घरातला तो बेटांचा जुना खेळ तुला आठवतो? होडीतून सात बेटं फिरायची आणि शेवटच्या बेटावर एका राक्षसाला हरवायचं. मी त्याला दोनदा हरवलं. आई मात्र पहिलं बेट सोडून कधी हललीच नाही. छापखान्यातून दोनला घरी यायची आणि बाबा जेवायला वर येईपर्यंत तासभर खेळायची. झाडं लावायची, मासे धरायची, घर सजवायची. दिवसभर मुद्रितं तपासून डोळे आधीच लाल, त्यात हे कळलं तर बाबा ओरडतील, म्हणून तिने मला शपथ घातली होती. त्या खेळात किनाऱ्यावर एक बाटली असते. तिच्यात चार ओळी लिहून दुसऱ्या खेळणाऱ्यासाठी ठेवता येतात. मी शाळेत जाताना लिहून ठेवायची आणि संध्याकाळी बघावं तर आईने शुद्धलेखन सुधारून वर उत्तर लिहिलेलं असायचं.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली की बाटलीत तुझ्यासाठी ठेवलंय, घरी गेलीस की बघ. मला वाटलं, औषधांच्या गुंगीत बोलते आहे. ती गेली आणि चौथ्या दिवशी मी कामावर परतले. ते जुनं मशीन घरातच कपाटात होतं, माझ्यापासून चार पावलांवर, आणि मला आठवलं नाही. आठ महिन्यांनी आता आठवलं. परवा वारा मोजताना एकदम लक्षात आलं आणि त्या वेळची नोंद करायचीच राहिली.

घाई अशासाठी की त्या खेळाच्या कॅसेटच्या पोटात घड्याळात असतो तसा एक छोटा सेल असतो. खेळात जे काही साठवलेलं आहे ते सगळं त्याच्या जिवावर. तो संपला किंवा निघाला की सगळं पुसलं जातं. पंचवीस वर्षं झाली त्याला. बदली माणूस जूनशिवाय येत नाही, म्हणून बाबांना मशीन पाठवायला सांगणार आहे. कारण सांगणार नाही. आईचं गुपित मी फोडायचं म्हणजे फारच झालं. तूही त्यांना काही लिहू नकोस.

तुझी तब्येत जप, आणि माझ्यावर रागावायचं तर रागाव, पण लिही.

तुझी,
भिंगरी


१२ मार्च

प्रिय भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. ताई मला म्हणायची की दुपारी माझं एक घर असतं, तिथे मला कुणी हाक मारत नाही. मी समजायचे, झोप काढते म्हणून. तर हे ते घर!

आता ऐक. तुझ्या बापाला सरळ सांग. आडवळणाने मागितलेलं काम हा माणूस त्याच्या पद्धतीने करतो, हे मी त्याची मेहुणी म्हणून सांगते. एकदा ताईने त्याला माझं शिवणयंत्र नुसतं घेऊन ये म्हणून सांगितलं होतं, तर त्याने वाटेत ते सगळं खोलून तेलपाणी करून आणलं आणि माझे टाके आयुष्यभर वाकडे पडले. गुपित ताईचं होतं. ताई गेली. आता ते जपून कुणाचं भलं होणार आहे?

तरी तू तुझंच खरं करशील. आईवर गेली आहेस.

मी रागावले नाहीये, एवढं लक्षात असू दे.

मावशी


१३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी इथे बरी आहे. थंडी सरत आली. तुम्ही पाठवलेलं भिंतीवरचं घड्याळ एक मिनिटही मागे पडत नाही, इथले तंत्रज्ञ आपलं मनगटी त्यावर लावून घेतात.

एक काम होतं. माझ्या लहानपणीचं गेमचं मशीन आतल्या कपाटात वरच्या फळीवर असेल. ते, दोन्ही रिमोट आणि होडीचं चित्र असलेली निळी कॅसेट, एवढं पार्सलने पाठवाल का? संध्याकाळी वेळ जात नाही, जरा खेळीन म्हणते. इथे एक जुना टीव्ही आहे, त्याला ते जोडता येईल. सवडीने नको, शक्य तितक्या लवकर पाठवा.

गुडघ्यांना तेल लावता ना? जिना दिवसातून दोनदाच चढा. तुमची माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
भिंगरी


२१ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि खरं सांगू, बरं वाटलं. कुणी काही मागितलं की बरं वाटतं. दुकानात हल्ली दिवसाला एखाददुसरं घड्याळ येतं, तेही पट्टा बदलायला. तुझी आई गेल्यापासून मी वरही लवकर जात नाही. भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांना किल्ली देत बसतो.

तुझं मशीन कपाटातून काढलं. गिऱ्हाइकाची वस्तू आधी चालवून बघायची आणि मग उघडायची हा माझा नियम, तो तुझ्यासाठी मोडला नाही. चालत होतं. मग उघडलं. आत धूळ म्हणजे धूळ! ब्रशने झाडलं, कॅसेटच्या पट्ट्या स्पिरिटने पुसल्या. कॅसेटला विचित्र डोक्याचे स्क्रू आहेत, माझ्या एकाही पेचकसाला दाद देईनात. मग एका जुन्या पेनाची नळी गरम करून त्या स्क्रूवर दाबली आणि गार होऊ दिली. झाला पेचकस तयार! इतकी वर्षं काम केलं, पण अशी मजा बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

आणि आत काय निघालं, तर आपला बटन सेल! मीटर लावला, अगदी काठावर आला होता. म्हटलं, पोरगी इतक्या लांब, रानात एकटी, तिथे हा बंद पडला तर तिला कोण बदलून देणार? सेल मरायची वाट बघू नये, आधीच बदलावा, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. जुना काढला, नवा उत्तम कंपनीचा बसवला, सोल्डरिंग भिंगाखाली तपासलं. आता वीस वर्षं बघायला नको. सेल बदलल्यावर खेळात सगळं कोरं दिसतंय. घड्याळाचा सेल काढला की वेळ नव्याने लावावी लागते, तसंच असणार. तू लावून घेशील.

तुझ्या ऑफिसचं एक पाकीट घरच्या पत्त्यावर आलं होतं, तेही पार्सलमध्ये घातलं आहे. फोडलेलं नाही. दुसऱ्याचं टपाल मी फोडत नाही.

मजेत खेळ. आता गजर लावायला मी नाही. आशीर्वाद आहेतच, पोहोचल्याचं कळव.

तुझे,
बाबा


३० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पार्सल आलं. बाबांचं पत्र सोबतच पाठवते, तूच वाच.

मी तरीही जोडून बघितलं. सुरुवातीला खेळणाऱ्यांच्या नावांच्या तीन रांगा असतात, तिन्ही रिकाम्या. बंद करून पुन्हा लावलं, दहा वेळा लावलं. तंत्रज्ञांनी काय झालं म्हणून विचारलं, तर मी सांगितलं की माझ्या आईचं घर पडलं. त्यांनी चहा करून दिला.

तुझं बरोबर होतं. कारण सांगितलं असतं तर त्यांनी त्या कॅसेटला हातरुमालात गुंडाळून पाठवलं असतं. एक वाक्य लिहायचं होतं. त्यांचा मला राग येत नाही, येऊच शकत नाही. किती छान बसवलाय तो सेल, बघशील तर! राग माझाच येतो, आणि तो ठेवायला जागा नाही.

त्यांना आता सांगू का? सांगितलं तर ते पुन्हा कुठल्याही घड्याळाला हात लावतील असं मला वाटत नाही. फक्त एक धागा उरलाय. उघडण्याआधी त्यांनी चालवून बघितलं होतं. काय दिसलं, एवढंच विचारते.

तू जवळ असतीस तर बरं झालं असतं.

भिंगरी


३१ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल सुखरूप पोहोचलं. मशीन नव्यासारखं झालंय, धुळीचा कण नाही. पेनाच्या नळीची युक्ती इथे सगळ्यांना सांगून झाली.

एक सहज विचारते. उघडण्याआधी तुम्ही खेळ चालवून बघितलात तेव्हा पडद्यावर काय काय दिसलं? आठवेल तेवढं सगळं लिहा, बारीकसारीकही. मला वेळ लावायला उपयोग होईल.

उत्तराची वाट बघते. मायेत अंतर पडू देऊ नका.

भिंगरी


९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विचारलंस ते बरं झालं. मला कुणाला तरी सांगायचंच होतं.

पडद्यावर तीन रांगा होत्या. पहिलीत तुझं नाव, दुसरी रिकामी, आणि तिसरीत तोडक्यामोडक्या अक्षरांत 'पाचमिनिटे'. मी थक्क झालो. तुझी आई सारखी आले, पाच मिनिटं, आले, पाच मिनिटं म्हणायची, म्हणून मी तिला पाचमिनिटेबाई म्हणायचो, ते तुला ठाऊक आहे. तिने तेच आडनाव लावलं होतं! ती रांग उघडली. एक घर होतं, समुद्राकडे खिडकी. एकच बाई राहणारी, पण खाटा तीन मांडलेल्या. भिंतीवर घड्याळ, दहा वाजून दहा मिनिटं, दुकानात मांडून ठेवतात तसं. बाहेर झाडं. मोजली, चौसष्ट भरली, ओळ कुठेही वाकडी नाही.

आता तुला एक कबुली देतो. ती दुपारी खेळते हे मला पहिल्यापासून माहीत होतं. जिन्यात त्या खेळाचे सूर ऐकू यायचे. मीच त्या खेळाच्या नावाने शंख केलेला, आता कुठल्या तोंडाने मध्ये जाणार? शिवाय तेवढाच तिचा तास. मग मी मधल्या पायरीवर उभा राहायचो. सूर थांबले की खोकून वर जायचो. किती वर्षं केलं असेल! तिला हे कळलं होतं की नाही, ते आता कुणाला विचारू?

शेवटी ती बाई चालवत किनाऱ्यावर नेली. तिथे एक बाटली होती. जवळ गेल्यावर आलं की भिंगरीसाठी पत्र आहे, वाचायचं का, हो किंवा नाही. मी नाही दाबलं आणि बंद केलं. तुझं पत्र होतं, तुझ्या नावाचं. मी कसं वाचणार?

तू आतापर्यंत वाचलं असशीलच. सांगण्याजोगं असेल तर काय लिहिलंय ते कळव. नसेल तर आग्रह नाही.

तुझे,
बाबा


१५ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वाचलं. उत्तर लिहायला जरा वेळ लागला, त्याबद्दल माफ करा.

बाटलीत चारच ओळी मावतात. पहिल्या ओळीत आई माझ्या पत्रांतल्या चुकांवरून बोलली आहे. दुसरीत थंडीत कान झाकून बाहेर पडायला सांगितलंय. तिसरी ओळ तुमची आहे. तिने लिहिलंय की ते जिन्यात उभे असतात हे मला माहीत आहे, त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मी पाच मिनिटं आधीच बंद करते.

चौथी ओळ माझ्यापुरती आहे. ती मी सांगत नाही.

जूनमध्ये घरी येते. दुकान बंद करून लवकर वर जात जा. मी बरी आहे, काळजी करू नका, आणि आहे ते प्रेम राहू द्या.

तुमची,
भिंगरी

ता. क. सेल उत्तम चालतोय.